दुधी? हो, दुधीच!

नणंदेचा मुलगा सुट्टीत राहायला आलाय. भाजी म्हणजे फक्त बटाटा, बाकी सगळ्यांना नाकं मुरडायची. आल्या आल्या फर्मान सुटलं, "मामी, हिरवं काही नको हं!"

आज कोवळा दुधी मिळाला. किसला, मीठ चोळून जरा वेळ ठेवला. सुटलेलं पाणी पिळून टाकलं नाही, त्यातच भाजणी भिजवली. वरून पाणी फारसं लागत नाही आणि दुधीचा गोडवा पिठातच राहतो. ओवा, तीळ, हळद, तिखट. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलं, मधे भोक पाडून तेल सोडलं आणि कडा खरपूस होईपर्यंत तव्यावर राहू दिलं.

खरी मेख त्या कडांत आहे. मुलांना भाजीच्या चवीपेक्षा तिचा गिळगिळीतपणा नडतो, हे माझं ठाम मत. भेंडीचंही तेच. उभी चिरून, बेसन आणि तांदळाचं पीठ लावून कुरकुरीत तळा, बघा उरते का.

लपवून खायला घालणं मात्र मला पटत नाही. (पावभाजीतला फ्लॉवर सोडून. तो कोणीच विचारत नाही!)

"यात काय आहे?"
"दुधी."

एक डोळा बारीक करून त्याने कड मोडली. मग मधला भाग, मग लोण्यासकट दुसरं थालीपीठ.

सासूबाई लगेच, "याच्या मामाचेही असेच नखरे होते!" मामा पेपरात तोंड घालून बसले.

उद्या लाल भोपळ्याचे घारगे. पालकाचं नाव काढलं, तर साहेब म्हणाले, "ते नंतर बघू."