स्पोर्ट्स कारला आवाज अडवणारी काच घ्यावी का? बेळगावच्या रस्त्यांवरचा हिशेब

गाडी बुक करताना पर्यायांच्या यादीत एक ओळ माणसाला हमखास अडवते: आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच. चाकं, सीट, शिलाईचा रंग हे सगळं डोळ्यांना दिसतं. काचेत दिसण्यासारखं काही नसतं आणि विचारलं तर "केबिन शांत होते" एवढंच उत्तर मिळतं. कुठला आवाज शांत होतो, हे कोणी सांगत नाही. पैसे टाकायचे की नाही, हे मात्र त्यावरच ठरतं.

आधी काच बघू. कुठल्याही गाडीची पुढची काच लॅमिनेटेडच असते. दोन काचा आणि मध्ये साधारण ०.७६ मिलिमीटरचा पीव्हीबी हा प्लॅस्टिकचा थर. दरवाज्यांच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, म्हणजे तापवून कडक केलेल्या, एकसंध, ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या. आवाज अडवणाऱ्या पर्यायात दरवाज्यालाही दोन पातळ काचा येतात आणि मधला पीव्हीबी तीन पदरी असतो, त्यातला आतला पदर मऊ. आवाजाने काच थरथरली की दोन्ही काचा एकमेकींवरून किंचित सरकू बघतात, तो मऊ पदर ताणला जातो आणि थरथर तिथेच जिरते.

काचेचं एक दुखणं असतं. १२,००० ला काचेच्या मिलिमीटरमधल्या जाडीने भागा. ४ मिलिमीटरला ३,००० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) येतात, ३ मिलिमीटरला ४,०००. या पट्ट्यात एकसंध काच आवाज अडवायच्या ऐवजी त्याला वाट करून देते. आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झमध्येच सर्वात तिखट. वाऱ्याची सळसळ, हॉर्नची धार, ब्रेकची किरकिर, बोलण्यातले स, श, च, त हे सगळं याच पट्ट्यात येतं. लॅमिनेटेड काच नेमकी ही जागा बुजवते. म्हणून आवाज मोजायच्या साध्या मीटरवर फरक १ ते ३ डेसिबलच दिसतो, पण शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. मीटरचा आकडा बघून "एवढ्याशासाठी एवढे पैसे?" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

खालच्या सुरांचं गणित वेगळं. तिथे फक्त वजन कामाला येतं. चौरस मीटरमागचं वजन दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल कमी होतात. ४ मिलिमीटरची टेम्पर्ड काच चौरस मीटरला १० किलो भरते. १.८ अधिक ०.७६ अधिक १.८ अशी लॅमिनेटेड काच भरते ९.८ किलो. वजन तेवढंच राहिलं, म्हणजे २०० हर्ट्झची घरघरही तेवढीच राहिली. वजनाच्या भीतीने हा पर्याय सोडणाऱ्यांचीही इथे समजूत पटावी. ३ मिलिमीटरच्या पातळ टेम्पर्ड काचेच्या जागी २.१ अधिक २.१ ची जाड लॅमिनेटेड आली, तरी दोन दरवाज्यांच्या कूपेत तीन-चार किलोंचाच फरक पडतो.

आता आपले रस्ते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कोल्हापूरकडे जा नाहीतर धारवाडकडे, चौपदरी महामार्गावर मोटारीला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की जवळजवळ ६ डेसिबल चढतात, १०० वरून १६० वर गेलात की आणखी १२. जर्मनीत १६० ने गाडी पळवणाऱ्याला ही काच जेवढी फळते, तेवढी तवंदी घाट उतरून निपाणीला जाणाऱ्याला फळणार नाही. आपल्याकडे १०० च्या आत टायर आणि रस्ता यांचाच आवाज जास्त. पोर्शे ९११ सारख्या गाडीला मागे २९५ किंवा ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात आणि मागच्या सीटांच्या पाठीमागेच सगळा गोंगाट. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा असल्या तर तो आणखी वाढतो. टायरच्या आतल्या हवेचा २०० ते २५० हर्ट्झचा गुंजारव सस्पेन्शनमधून थेट पत्र्यात शिरतो. तो काचेच्या वाटेने येतच नाही, मग काच त्याला अडवणार कशी?

तरीही आपल्याकडे या काचेची बाजू भक्कम करणारी एक गोष्ट आहे: बाहेरचा गोंगाट. गळिताच्या हंगामात संकेश्वर-निपाणी पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर स्पीकर लावून निघतात. ट्रक शेजारून हॉर्न दाबत जातो, आणि स्पोर्ट्स कारमध्ये आपला कान नेमका त्याच्या चाकाच्या उंचीला असतो. ही धार काच खरोखर बोथट करते. ट्रकची धडधड तेवढीच राहते, पण दचकायला लावणारा भाग कमी होतो. टिळकवाडीतून कॅम्पाकडे रोज ऑफिसला जाणाऱ्यालाही हा फायदा मिळतो, त्यासाठी वेग लागत नाही.

इंजिनाचा आवाज मरेल, ही बऱ्याच जणांची काळजी. तीही हिशेबाने बघा. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) हा सूर १५० हर्ट्झचा, ६,००० ला ३०० चा. आठ सिलिंडरच्या व्ही८ ला चार स्फोट, म्हणजे ३,००० ला २०० हर्ट्झ. हे सगळं काचेच्या पट्ट्याच्या खूप खाली आहे. इंजिनाचा घुमारा तसाच येतो, एक्झॉस्टची वरची कडकड थोडी कमी ऐकू येते, आणि ती हवी असेल तर काच खाली करायची.

पैसे देण्याआधी आपल्या कानाला नक्की काय खुपतं, ते मोजून घ्या. टेस्ट ड्राइव्हची गाडी, मित्राची गाडी किंवा जुनी घेणार असाल तर तीच गाडी चालेल. कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख दाखवणारं ॲप फोनवर घ्या. टायर थंड असताना हवा बरोबर भरा, एसीचा पंखा आणि गाणी बंद करा, फोन शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात कानाच्या उंचीला धरा. डॅशबोर्डवर ठेवला तर थरथर मोजली जाते. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना हिरेबागेवाडी ते कित्तूर दरम्यानच्या एखाद्या सरळ पट्ट्यावर ६०, ८० आणि १०० ने जा आणि उलट्या दिशेनेही तेच करा. आलेखात २०० ते २५० ला उंचवटा दिसला तर तो टायरच्या पोकळीचा. ८०० ते १,००० च्या आसपासचा जाड उंचवटा टायरच्या नक्षीचा आणि रस्त्याच्या पोताचा. २,००० च्या वरचा भाग ६० ला झोपलेला आणि १०० ला उठलेला दिसला, तर तो वारा. काचेचं राज्य तिथे सुरू होतं.

पण वारा दिसला म्हणून लगेच काचेवर खूण करू नका. वारा काचेतून येतो तसाच फटीतूनही येतो. मास्किंग टेप घ्या, शेजारच्या बाजूच्या दरवाज्याची फट, आरशाचं बूड आणि काचेची वरची कड चिकटवून बंद करा, आणि पुन्हा १०० ने जा. शिट्टी किंवा सळसळ धपकन उतरली तर दोष रबराचा आहे. टेपने फरक पडला नाही तर आवाज काचेतूनच येतोय. पन्नास-शंभर रुपयांच्या टेपने हजारोंचा निर्णय होतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

रबराचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाड्यांत निम्मं दुखणं तिथेच असतं. कूपेच्या दरवाज्याला काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच सुमारे एक सेंटिमीटर खाली येते, दरवाजा लागला की परत वर जाऊन रबरात घुसते. हात लावून बघा, ही हालचाल झाली पाहिजे. बॅटरी काढून जोडली की बऱ्याच गाड्या काचेची ही हद्द विसरतात. मग काच खाली येत नाही, दरवाजा लावताना रबरावर घासते, आणि दोन महिन्यांत रबराची कड कापली जाऊन शिट्टी सुरू होते. उपाय फुकटचा आहे: काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि वर पोचल्यावरही बटण काही सेकंद ओढून धरायचं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं करायचं. नेमका क्रम गाडीच्या पुस्तकात असतो.

जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याने गोव्याला जाणाऱ्यांच्या गाडीत लाल माती काचेच्या खाचेत बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. ओल्या मायक्रोफायबरने खाच पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. कागदाची पट्टी काचेच्या कडेला ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. सहज निघून आली ती जागा ढिली. ही पट्टी सगळ्या कडेने फिरवून बघायला दहा मिनिटं लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी नवीन, ऑर्डर देऊन घेताय, रोज शहरात चालवणार आहात किंवा महिन्यातून दोनदा पुणे-बंगळूर करणार आहात, तर काच घ्या, आणि त्यासाठी दिखाऊ पर्यायांतला एखादा सोडा. हा पर्याय नंतर बसवता येत नाही असंच धरून चाला. गाडी रविवारी सकाळी आंबोलीला किंवा चोर्ल्याला न्यायची एवढाच बेत असेल, तर घाटात ४०-६० च्या वेगाला वारा नाहीच, पैसे टायरमध्ये घाला. मऊ छताच्या गाडीत छतातूनच एवढा आवाज येतो की दरवाज्याच्या काचेचा फायदा बराचसा झाकला जातो. तिथे मी घेणार नाही.

नंतर बसवायच्या फंदात का पडू नये? दरवाज्यातली काच उचलणारा रेग्युलेटर, तिचा क्लॅम्प, खाचेची रबरं हे सगळं ठराविक जाडीसाठी केलेलं असतं. जाडी अर्ध्या मिलिमीटरने बदलली तरी काच घासते, बोट अडकल्यावर उलटी फिरणारी यंत्रणा चुकते, आणि वरच्या कडेचा कोन बसवायला अनुभवी हात लागतो. काच मागवायची तर बंगळूर, पुणे, मुंबईकडेच बघावं लागतं. कारखान्याबाहेर बसवलेली काच विमा कंपनीला लेखी कळवली नाही, तर काच फुटल्यावर दाव्यात अडचण येते. एरवी आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत.

"साउंडप्रूफ फिल्म" लावून देतो म्हणणाऱ्याला वजनाचा नियम सांगा. ०.१ मिलिमीटरची फिल्म चौरस मीटरला जेमतेम दीडशे ग्रॅम भरते. १० किलोच्या काचेवर तिने डेसिबलचा साधारण आठवा हिस्साच कमी होतो. शिवाय पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे हा नियम आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. कारखान्यातूनच गडद मागची काच पर्यायाबरोबर येत असेल, तर तिचे टक्के ऑर्डरच्या आधी लेखी विचारा.

टायर बदलायची वेळ आली असेल तर आतून फोम चिकटवलेले टायर बघा. कॉन्टिनेंटल, पिरेली, मिशेलिन तिघांकडे आहेत. २०० हर्ट्झचा गुंजारव तेच कमी करतात. पंक्चर निघालं तर आतला फोम तेवढ्या जागी सोलून पॅच लावावा लागतो, हे पंक्चरवाल्याला आधी सांगा. जुन्या टायरच्या कडांवर हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर गोंगाट तिथूनच येतोय, अलाइनमेंट करून घ्या.

गाडी ताब्यात घेताना काच खरंच तीच आली का, हे स्वतः बघा. कोपऱ्यातल्या शिक्क्यात "लॅमिनेटेड" की "टेम्पर्ड" लिहिलेलं असतं, काही कंपन्या कानाचं चिन्हही छापतात. शिक्का पुसट असेल तर काच अर्धी खाली करा आणि वरच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. टेम्पर्डची कड हिरवट, एकजीव दिसते. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये केसासारखी रेघ स्पष्ट दिसते. हीच कड पुढे जपायची असते. पावसाळ्यात ओल आणि थिनरसारखी रसायनं तिथून आत शिरली की मधला थर सुटून कडेला पांढरट डाग धरतात आणि ते परत जात नाहीत. अमोनियाचा काच-क्लीनर कडेपासून लांब ठेवा, आणि काच अर्धवट खाली असताना दरवाजा आपटू नका. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या गाडीत पहिली दहा मिनिटं फरक कमी जाणवला तर घाबरू नका, मऊ पदर साधारण २० अंशांना सर्वात चांगलं काम करतो.

आणखी एक बघायचं राहतं. लॅमिनेटेड काच आपत्कालीन हातोडीने फुटून गळून पडत नाही, तडकते आणि जागेवरच राहते. चोरासाठी हे चांगलं, पण मलप्रभा किंवा मार्कंडेयाच्या पुराचं पाणी रस्त्यावर आलं असताना गाडी अडकली तर बाहेर पडायची वाट वेगळी शोधावी लागते. पाणी चाकाच्या अर्ध्यावर येतंय असं दिसताच, वीज चालू आहे तोवर काच खाली करायची. गाडीत कुठली काच टेम्पर्ड राहिली आहे, बहुधा मागची, ते शिक्का बघून ठरवा, हातोडी आणि सीटबेल्ट कापायची पाती हाताशी ठेवा, आणि ती काच घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवा.