बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी: फोंड्यातल्या एका घराचा अनुभव

लेक दोनेक महिन्यांची असताना तिच्या शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. वजन छान वाढत होतं आणि ती फक्त अंगावरचं पीत होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही घेता त्या दुधातली प्रथिनं थोड्या प्रमाणात तुमच्या दुधात उतरतात आणि ती तिच्या आतड्याला सोसत नाहीत.

रक्त तपासलं की कळेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण हा उशिरा उमटणारा प्रकार रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत सापडत नाही. मी दोन ते चार आठवडे दूध-दही-तूप पूर्ण बंद करायचं, रक्त थांबतं का पाहायचं, मग मुद्दाम पुन्हा खाऊन ते परत येतं का तेही पाहायचं. थांबलं, आणि खाल्ल्यावर परत आलंही. बरं वाटलेल्या बाळाला पुन्हा त्रास कशाला, म्हणून हा दुसरा भाग बरेच जण टाळतात. मला तो गरजेचा वाटतो. नाहीतर आपोआप थांबलेल्या रक्तासाठी आई उगाच वर्षभर पथ्य पाळत बसते.

अंगावरचं दूध तोडायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. सासूबाईंनी विचारलं, "म्हशीचं चालेल मगे? शेळीचं?" दोन्ही नाही, त्यांतली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. लॅक्टोज-फ्री दूधही नाही, कारण त्यात फक्त साखरेचा प्रश्न सोडवलेला असतो.

आमच्या गोव्यातल्या स्वयंपाकात एरवीही दुधाला फारसं काम नसतं. हुमण, खतखतं, सोलकढी, सगळा नारळाचा कारभार. वरणावर तुपाऐवजी खोबरेल आलं. पोदेराला (पाववाल्याला) विचारलं, तर त्याच्या पोईत, म्हणजे इथल्या पावात, पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच. कोऱ्या चहाची सवय मात्र मला शेवटपर्यंत झाली नाही.

घरात सगळं नारळावरच चालतं, त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर वरचं खाणं सुरू झालं, तेव्हा ज्याने त्याने सल्ला दिला: नारळाचा रस पाज की! आहारतज्ज्ञ बाईंनी तिथेच थांबवलं. नारळाच्या रसात मुख्यतः चरबी असते. प्रथिनं आणि कॅल्शियम दुधाच्या मानाने अगदीच कमी. कालवणात हवा तेवढा घाला, पण दुधाच्या जागी पेल्यात नको. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीनुसार रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात ते साडेतीनशेच्या आसपास असतं, पण एवढीशी पोर 100 ग्रॅम पीठ खाणार कधी? म्हणून नाचणीच्या तिझानात, म्हणजे पातळ पेजेत (वर्षापर्यंत गुळाविना) तिळाची पूड, प्रथिनांसाठी मूगडाळ आणि अंडं, आणि तारले (छोटे मासे) कुकरमध्ये काटे विरघळेपर्यंत शिजवून, कुस्करून. अंगावरचं चालूच होतं.

खरी कसोटी लागली ती चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. मणगणं नारळाच्या रसातलं, पातोळ्यांतही दूध नाही, म्हणजे माझं पान भरलेलं. पण तीर्थ म्हणून पंचामृताची पळी घेऊन प्रत्येक मावशी बाळाच्या तोंडाशी. "इतक्याशानं काय होतंय?" शेवटी लेकीला कडेवरून खालीच ठेवलं नाही. बिस्किटांचं त्या मानाने सोपं: पाकिटावर दुधाचा उल्लेख वेगळा करावाच लागतो. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द दिसले की पाकीट परत फळीवर.

वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी दुधाची शिडी आखून दिली. आधी दूध घालून भाजलेलं बिस्कीट, तेही चिमूटभर. भट्टीच्या उष्णतेत प्रथिनांचं रूप बदलतं, म्हणून ते सोसण्याची शक्यता जास्त. मग दूध घातलेला घावन, मग दही, शेवटी साधं दूध. हे घरी करायला परवानगी मिळाली ती आमचा प्रकार सौम्य म्हणून. दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं ज्या मुलांना होतं, त्यांची शिडी घरी चढायची नसते. ते काम इस्पितळातच.

बिस्कीट आणि घावन दोन्ही पचले. आजारपणात नवी पायरी घ्यायची नाही, असा नियम आहे, आणि पावसामुळे लेकीचं नाक सध्या वाहतंय. दही पुढच्या आठवड्यात.