समोरासमोर नको, शेजारी बसवा

आज दिवसभर दोन-दोन अनोळखी माणसांना हेडसेट घालून एकाच आभासी खोलीत बसवत होतो. समोरासमोर बसवलं की दोघंही अवघडायची. शेजारी बसवून, दोघांचे हात लागल्याशिवाय उचलणार नाहीत अशा तुकड्यांचा पूल बांधायला दिला, तर गप्पा आपोआप सुरू व्हायच्या.

माणसं फार जवळ आली की नजर चुकवून समतोल साधतात, हे मानसशास्त्रज्ञ आर्गाइल आणि डीन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. पुढे आभासी वास्तवाचे (व्हीआर) संशोधक जेरेमी बेलनसन यांच्या प्रयोगांत दिसलं, की आभासी माणसाच्या पाठीमागून जाण्यापेक्षा चेहऱ्यासमोरून जाताना लोक जास्त अंतर राखतात. समोर नुसतं चित्र आहे हे ठाऊक असूनही! मला हे फार विलक्षण वाटतं.

म्हणूनच, जवळ येणं ज्याचं त्याच्या हातात हवं. मेटाने २०२२ मध्ये होरायझन या आपल्या आभासी जगात अवतारांमध्ये, म्हणजे माणसांच्या आभासी रूपांमध्ये, साधारण चार फुटांचं अंतर राखणारी हद्द घातली, ती आधी झालेल्या त्रासाच्या तक्रारींनंतर. सुरक्षितता नंतर चिकटवायची गोष्ट नाही, असं मी आमच्या टीमला पुन्हा पुन्हा सांगतो.

आणि आवाज! बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद लागतात. आवाज त्याहून उशिरा पोचला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात, मग गप्पच होतात. चेहरे हुबेहूब करण्यात वेळ घालवण्याआधी आम्ही हा उशीर कमी करणार आहोत.