आमची वाटचाल : हातोहाती फिरलेल्या नोटांचे मोल

वडिलांनी 1978 साली इंदूरच्या सराफ्याजवळ एक लहानसे दुकान घेतले, ते पोस्टाची तिकिटे आणि होळकरांची नाणी विकण्यासाठी. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा चलनातून काढल्या होत्या, त्यामुळे जुनी नोट नाण्यासारखीच जपून ठेवावी काय, असे लोक वडिलांना विचारू लागले. नोटांचा व्यवहार आमच्याकडे आला तो या प्रश्नातून, आणि आज दुकान माझ्या हाती असतानाही गल्ल्यापुढे बसलेला माणूस बहुधा हेच विचारतो की, घरात सापडलेल्या जुन्या नोटेचे दर्शनी मूल्यापेक्षा अधिक पैसे येतील का.

बहुतेक वेळा आम्हाला ‘नाही’ असेच सांगावे लागते. नोट पन्नास वर्षांची आहे एवढ्याने तिचे मोल वाढत नाही. तशा नोटा किती उरल्या आणि ही कोणत्या अवस्थेत उरली, यावर ते ठरते. घडी न पडलेली कोरी नोट आणि खिशात मऊ झालेली तीच नोट यांच्या भावात दहापटींचे अंतर पडू शकते. वडील नोट दिव्यासमोर तिरकी धरून पाहायला शिकवत, कारण धुऊन इस्त्री केलेली नोट समोरून कोरी भासते, पण तिरक्या उजेडात मोडलेली घडी दिसते आणि कागदाची मूळची करकर गेलेली बोटांना कळते. टाचणीच्या भोकांबद्दल मात्र आम्ही फार कठोर राहत नाही. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणे बंद करायला लावले. त्याआधीच्या कोऱ्या गड्डीतल्या नोटेलाही डावीकडे भोके असतात, आणि जाणता संग्राहक ती गृहीत धरतो.

तरीही चालवलेल्या नोटेला भाव मिळतच नाही, असे नाही. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून 1917 मध्ये एक रुपयाची नोट निघाली, पाठोपाठ अडीच रुपयांची आली, आणि अडीचची 1926 मध्ये बंदही झाली. ती अडीचची नोट फाटकी असली तरी संग्राहक सोडत नाहीत. बी. एन. अडारकर 1970 मध्ये जेमतेम दीड महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्यामुळे गांधीशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही दिसली की आम्ही नोट बाजूला काढतो. त्याच मालिकेतल्या, त्यांच्याआधीचे गव्हर्नर एल. के. झा यांच्या सहीच्या नोटा त्या मानाने पुष्कळ मिळतात. मराठी माणसे चिंतामणराव देशमुखांची सही असलेली नोट आवर्जून मागतात, आणि ती शोधून देताना मला दरवेळी समाधान वाटते.

सर्वांत महागडी चूक आमच्याच हातून झाली. नव्वदच्या दशकात आम्ही निवडक नोटा स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत भरून कपाटात ठेवल्या. काही पावसाळ्यांनंतर पाकिटे चिकट झाली, नोटांवर तेलकट डाग उतरले आणि निम्मा साठा दर्शनी मूल्याला आला. पॉलिस्टरची पाकिटे महाग पडतात, तरी तेव्हापासून आम्ही तीच वापरतो, आणि घरी नोटा जपणाऱ्यांना त्या एखाद्या वहीत, कोरड्या जागी, डिंक किंवा चिकटपट्टी न लावता ठेवायला सांगतो.

ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट किंवा क्रमांकात 786 असलेली नोट लाखो रुपयांना जाते, अशा निरोपांमुळे अलीकडे फार त्रास होतो. कोऱ्या 786 ला थोडा जादा भाव देणारे असतात. पण लाखाची आशा दाखवून आधी शुल्क भरून घेणारे सरळ फसवतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा व्यवहारांपासून सावध राहण्याचे जाहीर आवाहन केले, आणि त्याची प्रत आम्ही गल्ल्यावर लावली आहे. 2016 मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांना आम्ही हात लावत नाही. 2017 च्या कायद्याने सर्वसाधारण माणसाला अशा दहापेक्षा जास्त आणि अभ्यासक-संग्राहकाला पंचवीसपेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर राजेंद्रनगरहून एक आजी यजमानांची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. तीत साठेक नोटा होत्या, बहुतेक एक आणि दोन रुपयांच्या, सगळ्या वापरलेल्या. मी एकेक नोट उजेडात पाहिली. चौघडी पडलेली, दोन भोकांची दहा रुपयांची नोट अडारकरांच्या सहीची निघाली. तिचे आम्ही दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट पैसे दिले. उरलेल्या नोटांना तेवढा भाव नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले, आणि एक रुपयाची नोट आजही कायदेशीर चलन आहे हेही सांगितले. आजींनी त्या नोटा रुमालात बांधून परत नेल्या. नातीच्या लग्नात आहेराच्या पाकिटांत वरचा रुपया म्हणून त्या घालणार आहेत.