पिंपात राहणारी आई आणि पाठीवरचं अपहरण

प्लँक्टन, म्हणजे पाण्यात वाहत जाणारे चिमुकले जीव, म्हटलं की माझ्या डोक्यात एकच चित्र, देवमासा आ वासून येतोय आणि हे बिचारे हजारोंनी त्याच्या घशात जातायत. नावही तसंच गरीब, हेन्सेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये ग्रीक शब्दावरून ठेवलेलं, अर्थ भटका, वाहत जाणारा. पण झूप्लँक्टनबद्दल (म्हणजे प्लँक्टनमधले प्राणी) वाचायला लागलो आणि बिचारे वगैरे सगळं विसरलो.

फ्रोनिमा घ्या. कोळंबीची लांबची नातेवाईक, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर, अंग काचेसारखं आरपार आणि अर्धं डोकं म्हणजे नुसते डोळेच. हिची मादी साल्प नावाचा जेलीसारखा प्राणी पकडते, आतून खाऊन कोरून काढते आणि उरलेल्या पोकळ पिंपात स्वतः राहायला जाते!! पिल्लंही तिथेच वाढवते, शेपटीकडचे पाय मारत घर ढकलत फिरते, म्हणजे बाबागाडीच की, फक्त ती कोणाच्या तरी अंगाची बनवलेली. क्रूर म्हणावं की कौतुक करावं हे माझं अजून ठरत नाहीये.

बाणकिडे पण आहेत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आकड्यांचे झुपके, पाण्यातली थरथर जाणवली की झडप, आणि काही जातींत विष कोणतं तर पफरफिश या जहरी माशावालं टेट्रोडोटॉक्सिन. एवढ्याशा किड्याला एवढं कशाला लागतं.

पण माझा फेवरेट किस्सा अंटार्क्टिकाचा. तिथे क्लायोनी असते, सी एंजल म्हणतात तिला, बिनशिंपल्याची गोगलगाय, दोन पंख हलवत उडल्यासारखी पोहते. देवदूत फक्त नावाला, समुद्री फुलपाखरं (ही पण गोगलगायच, शिंपलेवाली) दिसली की डोक्यातून हातासारखे सुळके बाहेर काढून पकडते आणि आतलं मांस उपसून खाते. तर हिच्या अंगात असं एक रसायन असतं की मासे तिला तोंडात घेऊन लगेच थुंकतात. हे हायपेरिएला नावाच्या एका चिमुकल्या अँफिपॉडला (हाही फ्रोनिमासारखा कोळंबीचा लांबचा नातेवाईक) बरोब्बर कळलंय, तो तिला पकडून मागच्या पायांनी पाठीवर घट्ट धरून ठेवतो आणि तसाच फिरतो, म्हणजे मासा त्याच्याही वाटेला जात नाही. ओझ्यामुळे पोहण्याचा स्पीड कमी होतो खरा, पण जीव वाचतो. आणि ती शिकारी देवदूत? पाठीवर अडकलेली असेपर्यंत तिला काहीच खाता येत नाही.