हिरड्यांतून रक्त आले म्हणून ब्रश थांबवू नये

गरोदर सुनेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले की आमच्या कोल्हापूरकडे पहिला सल्ला मिळतो तो ब्रश काही दिवस बंद ठेवण्याचा, आणि जुन्या बायका त्याच्या जोडीला थोडी मिसरी लावायला सांगतात. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असले तरी दुखणे वाढवणारेच आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण खूप वाढते. प्रोजेस्टेरॉनमुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव सहज पाझरू लागतो, आणि एरवी जंतूंचा जेवढा थर हिरडी निमूट सोसते तेवढ्यानेच ती आता लाल होऊन सुजते. दुखण्याचे मूळ त्या थरातच असल्यामुळे ब्रश थांबवला की रक्त अधिकच येते. हा त्रास बहुधा दुसऱ्या महिन्यापासून जाणवतो, आठव्याच्या सुमारास सर्वाधिक होतो आणि बाळंतपणानंतर ओसरतो. काहींना दोन दातांमध्ये लालभडक गाठ येते; ती कर्करोगाची नसते आणि पुष्कळदा प्रसूतीनंतर आपोआप आकसते, तरी दंतवैद्याला दाखवावीच.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटू शकते; प्रत्यक्षात आतले दुखणे तसेच राहते आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका मात्र वाढतो.

बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा समजही खरा नाही. दात झिजतात ते वारंवारच्या उलट्यांमधील आम्लामुळे. म्हणून उलटीनंतर लगेच ब्रश न करता खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्ध्या तासाने दात घासावेत. दातांचे उपचार गरोदरपणातही करता येतात. चौथा ते सहावा महिना त्यांसाठी सोयीचा, पण असह्य ठणका किंवा सूज असेल तर तेवढे थांबण्याचे कारण नाही.

पाळीच्या आधी हिरड्या हुळहुळतात, तो त्रास सहसा किरकोळ असतो. रजोनिवृत्तीचे तसे नाही. तेव्हा तोंड कोरडे पडते, लाळ कमी झाल्याने दातांच्या मुळांशी कीड लागते, काहींची जीभ सतत भाजल्यासारखी होते (आपल्याकडे त्याचे खापर तांबड्या रश्श्यावर फुटते). याच वयात हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे सुरू असतील, तर दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णांत क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही आणि तेथील हाड निर्जीव होते.