कापलेल्या स्ट्रिपवरची तीन अक्षरं

रविवारची सकाळ. ड्यूटी संपायला तासभर उरला होता, तेवढ्यात काकांना कॅज्युअल्टीत आणलं. वय 68. छातीवर दडपण, डाव्या खांद्यापर्यंत कळ. सोबत मुलगा, सून आणि काकू. ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा दिसत होत्या, पण रक्तदाब चांगला होता, 138/84. ॲस्पिरिन दिली, हाताला सुई लावली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले.

मुलाने मोबाइलमधली यादी वाचली: रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. मी विचारलं, "आणखी काही? ताकदीची वगैरे गोळी घेतलीत का आज?"

काकांची नजर सुनेकडे गेली. "छे, छे. आज काही नाही."

मी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली.

पाचेक मिनिटांत चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर दरदरून घाम. "मॅडम, अंधारी येतेय," एवढंच ते बोलले. मॉनिटरवर 72/40. सिस्टरने पलंग सपाट करून पाय उंच केले, मी सलाइन सोडलं. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसला असेल तरी नायट्रेटने रक्तदाब असाच कोसळतो, म्हणून उजव्या बाजूचा ईसीजी काढला. त्यात तसं काही नव्हतं. रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रिनलिन तयार ठेवायला सांगितलं. मग झालं काय?

पडद्याच्या पलीकडून कुणीतरी माझी बाही ओढली. काकू होत्या. मुठीत रुमाल, रुमालात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा: एक कप्पा फुटलेला, एक भरलेला. "परवा रात्री घेतली होती ह्यांनी. मित्राने दिलेली. सगळ्यांसमोर कसं सांगायचं?"

कात्री औषधाच्या नावावरूनच फिरली होती. मागे उरलं होतं 'लाफिल' आणि 20. मी तो तुकडा उजेडात धरून दोनदा वाचला. गोळी ताठरतेसाठीची होती. 'नाफिल' असतं तर सिल्डेनाफिल. 'लाफिल' म्हणजे टाडालाफिल, आणि एका अक्षराचा हा फरक फार मोठा आहे. सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण साधारण चार तासांत निम्मं होतं, टाडालाफिलला त्यासाठी साडेसतरा तास लागतात. म्हणून सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर निदान 48 तास नायट्रेट द्यायचं नसतं. काकांनी गोळी घेऊन जेमतेम 33 तास झाले होते.

या दोन औषधांचं एकमेकांशी का जमत नाही? नायट्रेटमुळे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्यातून सीजीएमपी नावाचं द्रव्य वाढतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल तेच द्रव्य मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात. एकाने नळ सोडायचा, दुसऱ्याने मोरी बुजवायची. त्यात टॅमसुलोसिनही रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं. काकांच्या अंगात तिन्ही एकत्र आली होती.

कारण कळलं तसं पुढचं काम सरळ झालं. नायट्रेट पुन्हा द्यायचं नाही, सलाइन जपून चालू ठेवायचं, दर दोन मिनिटांनी रक्तदाब बघायचा. नॉरॲड्रिनलिन थोडा वेळ चालवावं लागलं. पाऊण तासाने आकडा 104 वर आला, तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

दुपारी घरी न जाता काकांजवळ गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "मी खोटं नाही बोललो हो. आज घेतलीच नव्हती." खरंच होतं ते. चूक माझ्या प्रश्नात होती. एक तर मी तो मुलासुनेसमोर विचारला, वर त्याला 'आज' जोडलं. त्या दिवसापासून मी आधी नातेवाइकांना बाहेर थांबवते आणि नाव घेऊन विचारते, "गेल्या तीन दिवसांत सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा ताठरतेसाठी दुसरं काही? आयुर्वेदिक म्हणून मिळालेलं, कुणी हातात दिलेलं, तेही सांगा." अशा 'नैसर्गिक' कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. मग काका मोकळेपणाने बोलले: ताठरतेचा त्रास तीन वर्षांपासूनचा, कुणाला सांगितला नव्हता. मला सगळ्यात जास्त वाईट त्या तीन वर्षांचं वाटलं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळ्याची पहिली चाहूल बऱ्याचदा तिथेच लागते, छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. तेव्हाच डॉक्टरांकडे गेले असते, तर गोळीच्या आधी हृदय तपासलं गेलं असतं.

"आता हे कायमचं बंद का?" त्यांनी विचारलं. मी सरसकट नाही म्हटलं नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाला हे विचारावंसं वाटणं यात वावगं काय? दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येऊ लागले की हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. नायट्रेट किंवा त्याच्यासारखंच काम करणारं निकोरँडिल चालू असेल तर या गोळ्या अजिबात नाहीत. नसेल, तर पासष्टीनंतर सिल्डेनाफिल 25 मिलिग्रॅमपासूनच सुरू करतात, कारण उतारवयात औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं. मित्राची 20 ची टाडालाफिल, तीही टॅमसुलोसिनच्या जोडीला, हा डोस कुणी डॉक्टर पहिल्यांदा लिहिणार नाही. ताठरता चार तासांहून जास्त टिकली किंवा एका डोळ्याला अचानक दिसेनासं झालं, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर जिभेखाली काहीही न ठेवता, समोर येणाऱ्या पहिल्या माणसाला गोळीचं नाव आणि वेळ सांगायची.

तीन आठवड्यांनी ते तपासणीला आले. मी मुलाला म्हटलं, "तू जरा बाहेर बस हं." तो उठला. काकांनी त्याचा हात धरला.

"राहू दे त्याला, मॅडम. मला बोलता आलं नाही, तर तुम्हाला सांगणार कोण?"